क्रॉनची ओळ नेमकी कधी चालते

क्रॉन म्हणजे लिनक्ससारख्या सिस्टिमवर ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्रॅम. त्याच्या ओळीत आधी पाच खाने असतात आणि मग कमांड. खाने डावीकडून असे: मिनिट (0 ते 59), तास (0 ते 23), तारीख (1 ते 31), महिना (1 ते 12) आणि वार (0 ते 7, त्यात 0 आणि 7 दोन्ही रविवार). क्रॉन दर मिनिटाला घड्याळ बघतो आणि आत्ताची वेळ या खान्यांशी जुळते का, एवढंच तपासतो. मागच्या वेळी काम कधी झालं होतं याची नोंद तो ठेवत नाही. त्या वेळी मशीन बंद असेल, तर ते काम राहूनच जातं. अशा मशीनवर अ‍ॅनाक्रॉन (राहिलेलं काम मशीन सुरू झाल्यावर चालवणारा प्रोग्रॅम) लावावा.

खान्यातला * म्हणजे "प्रत्येक". रात्री दोनला बॅकअप हवा म्हणून * 2 * * * लिहिलं, तर 2:00 ते 2:59 असा तो 60 वेळा चालतो. हवं असतं 0 2 * * *.

तिरकी रेघही अशीच फसवते. */40 म्हणजे "दर 40 मिनिटांनी" नव्हे. मोजणी प्रत्येक तासाला शून्यापासून सुरू होते, म्हणून काम 0 आणि 40 व्या मिनिटाला चालतं आणि नंतर 20 मिनिटांतच पुन्हा. 60 ला नि:शेष भाग जाणारा आकडाच इथे सरळ वागतो. दर दीड तासाने काम हवं असेल तर दोन ओळी लिहाव्या लागतात: 0 */3 * * * आणि 30 1-23/3 * * *.

सगळ्यात घातक नियम मात्र तारीख आणि वार यांचा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी नऊला रिपोर्ट हवा म्हणून 0 9 1-7 * 1 लिहिलं जातं. वाचताना ते बरोबरच वाटतं! पण दोन्ही खान्यांत आकडे असले की क्रॉन "आणि" नाही, "किंवा" धरतो. म्हणजे रिपोर्ट 1 ते 7 तारखेला रोज जातो, शिवाय प्रत्येक सोमवारी. उपाय असा: क्रॉनमध्ये 0 9 1-7 * * एवढंच ठेवायचं आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच वार तपासून, सोमवार नसेल तर तिथूनच बाहेर पडायचं. महिनाअखेरच्या कामालाही हाच मार्ग: 28-31 तारखा द्या आणि उद्या 1 तारीख आहे का ते स्क्रिप्टमध्ये बघा. नुसतं 31 दिलं तर वर्षातले पाच महिने काम होतच नाही.

टर्मिनलवर चालणारी कमांड क्रॉनमध्ये बंद पडते, ती बहुतेकदा पाथमुळे (म्हणजे फाइल कुठे आहे त्या पत्त्यामुळे). क्रॉनला तुमच्या शेलची (टर्मिनलवर कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) सेटिंग मिळत नाही, त्यामुळे प्रोग्रॅम आणि फाइल दोन्हींचा पूर्ण पाथ लिहा. कमांडमधलं % चिन्ह क्रॉन नवी ओळ समजतो. त्याच्या आधी \ हवं. एक फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होण्याची शक्यता असेल तर फ्लॉक (पहिली फेरी संपेपर्यंत कुलूप लावून दुसरीला अडवणारी कमांड) वापरा. आणि ओळीच्या शेवटी >> नंतर लॉग फाइलचा पाथ देऊन पुढे 2>&1 लिहा, म्हणजे एरर मेसेजही त्याच फाइलमध्ये सापडतील.