आमची वाटचाल : नऊ इंचांवरचा डोळा

वरुड तालुक्यात शेंदुरजनाघाटच्या पट्ट्यात संत्र्याच्या कलमा बांधणारा घरोघरी सापडतो. त्या गर्दीत आमची रोपवाटिका टिकली ती खुंटामुळे, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर संत्र्याचा डोळा (कोंब) बांधतात त्यामुळे. वडिलांनी पहिले वाफे टाकले तेव्हापासून जंबेरी या खुंटाच्या लिंबाचं बी आम्ही बाहेरून घेतलेलं नाही. राखून ठेवलेल्या झाडांची पिकलेली फळं फोडायची, बी धुवायचं, सावलीत हडकवून लगेच टाकायचं. जास्त सुकलं की उगवण गेलीच. एका बीतून दोन-तीन अंकुर निघतात, त्यातले बहुतेक मूळ झाडासारखेच. जे फार उंच किंवा फार बुटके, पानानं वेगळे, ते पन्हेरीतूनच, म्हणजे रोपांच्या वाफ्यातूनच, उपटून टाकायचे. इथे दयामाया केली की पुढे एकाच ओळीतली झाडं लहान-मोठी होतात आणि शेतकरी खताला दोष देत बसतो.

डोळे बांधायला मामा होते. ते वडिलांचे पहिले भागीदार, नात्याचे नव्हते. स्वतःचा चाकू दुसऱ्याच्या हातात देत नसत. सकाळी दगडावर धार लावायची, स्पिरिटचा बोळा फिरवायचा, मगच वाफ्यात उतरायचं. डोळकाडी, म्हणजे जिच्यावरचा डोळा काढायचा ती संत्र्याची काडी, गोल आणि पांढऱ्या रेषांची हवी, तिकोनी कोवळी काडी ते फेकून देत. खुंटाच्या सालीत टी आकाराचा काप, त्यात डोळा सरकवायचा, वरून प्लॅस्टिकची पट्टी. हिवाळाभर हेच काम. आणि डोळ्याची मातीपासून उंची नऊ इंच, त्याखाली नाही.

या नऊ इंचांनीच आम्हाला जवळजवळ बुडवलं होतं.

खुंट बुडाशी आधी जाड होतो. चार बोटांवर डोळा बांधला तर रोप लवकर तयार होतं आणि खर्च वाचतो. आमच्याच भागातल्या एका रोपवाटिकेनं हा धंदा धरला. बी मिळेल तिथलं, डोळा बुडात, भाव आमच्या निम्मा. एवढ्यावर ते थांबले असते तर मला काही म्हणायचं नव्हतं. पण "वर बांधलेला डोळा वाऱ्यानं फाटते" असं त्यांनी गावोगाव पसरवलं. आमचे जुने गिऱ्हाईक वाफ्यावर येऊन कलमा हलवून बघायचे आणि रिकाम्या हातानं परत जायचे. तेवढ्यात २०१९ चा उन्हाळा आला. वरुड-मोर्शीत विहिरी, बोअर आटले, उभ्या बागा वाळल्या. नवी लागवड कोण करणार? तयार कलमा वाफ्यातच वाढून वाया गेल्या. घरचे म्हणाले, आता भाजीपाला लावा.

तेव्हा काटोलकडचे एक भाऊ आले. त्यांची जुनी बाग आमच्याच कलमांची. शेजारच्या नव्या बागेत डिंक्या रोग शिरला होता, बुंध्यातून डिंक वाहत होता. डोळा मातीला टेकलेला आणि पाणी थेट खोडाला, मग डिंक्या आणणाऱ्या फायटोप्थोरा बुरशीला दुसरं काय पाहिजे? जंबेरी काही डिंक्याला दाद न देणारी नाही, पण संत्र्याची साल त्याहून हळवी. ती मातीपासून जितकी वर, तितकं बरं. भाऊ म्हणाले, "तुयी कलम महाग हाय, पण माया बागेत अजून एकही झाड बसलं नाई." त्यांनी आगाऊ पैसे दिले. पुढच्या हंगामाचं बी त्या पैशांतून पडलं. डोळा वाऱ्यानं फाटतो असं पसरवणाऱ्यांनी आजवर एक शब्द मागे घेतलेला नाही, हे मी विसरणार नाही.

कलमा कुठूनही घ्या, पण आधी जमीन सांगा. हलक्या, मुरमाड जमिनीत जंबेरी जोमानं धावते. चुनखडीच्या किंवा भारी काळ्या रानात रंगपूर लाईमच्या खुंटावरची कलम घ्या, डिंक्यालाही ती जंबेरीपेक्षा बरी तग धरते. लावताना डोळ्याचा जोड झाकू नका, दुहेरी आळं करा (खोडाभोवती आतलं कोरडं, बाहेरचं पाण्याचं) म्हणजे खोडाशी पाणी थांबत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो पेस्ट लावा : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

आता सगळे अलिमाव मागतात. नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेनं हा खुंट पुढे आणला आहे. डिंक्याला तो चिवट आहे, माल लवकर आणि भरपूर देतो. आम्हीही बांधतो. पण ट्रिस्टेझा विषाणूला तो हळवा आहे, म्हणून त्यासाठी डोळकाडी तपासलेल्या मातृवृक्षाचीच वापरतो, आणि सगळी बाग अलिमाववर मागणाऱ्याला निम्म्या कलमा रंगपूरवरच्या घ्यायला लावतो. नाही म्हणाला तर ऑर्डर घेत नाही.