टायसनचा ऐन भर कधी ओसरला?

हेवीवेट (सर्वांत वजनदार गटातला) मुष्टियोद्धा माईक टायसनचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: त्याचा खरा काळ कधी संपला? टोकियोत बस्टर डग्लसकडून हरला तेव्हा, की तुरुंगात गेला तेव्हा? तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. माझं उत्तर या दोन्हींच्या आधीचं आहे. 27 जून 1988 रोजी अटलांटिक सिटीत त्यानं मायकेल स्पिंक्सला 91 सेकंदांत आडवं केलं. त्यानंतर तो टायसन पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही. बाविसावा वाढदिवस तेव्हा तीन दिवसांवर होता.

यावर लगेच आक्षेप येतो की पुढच्या दोन्ही लढती तर त्यानं नॉकआउटनं जिंकल्या. जिंकल्या, खरं आहे. पण निकालावरून भर मोजायला गेलं की फसगत होते. 1987 मध्ये 'बोनक्रशर' स्मिथ आणि टोनी टकर हे दोघं त्याच्यापुढे बाराच्या बारा फेऱ्या टिकले. टकरनं तर पहिल्याच फेरीत अपरकट (खालून वर हनुवटीकडे येणारा ठोसा) मारून त्याला मागे ढकललं होतं. तरी त्या वर्षीचा टायसन भरात नव्हता असं कुणी म्हणत नाही. म्हणजे लढत किती लांबली, त्याला ठोसा बसला की नाही, या खुणा इथे कामाच्या नाहीत. खूण आहे ती त्याच्या डोक्याच्या हालचालीत.

हे नीट समजायला त्याची शैली पाहावी लागते. त्याचे पहिले गुरू कस डी'अमाटो यांनी त्याला जी शिकवली तिच्यात दोन्ही ग्लोव्ह्ज गालफडांना टेकलेले, कोपरं बरगड्यांशी, हनुवटी आत. टायसनची उंची जेमतेम पाच फूट दहा इंच, हातांचा पल्ला 71 इंच. हेवीवेटमध्ये समोरचा बहुतेक वेळा त्याच्याहून चार-पाच इंचांनी उंच असायचा. अशा माणसाच्या जॅबच्या (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या) आत शिरायचं तर आधी डोकं हलतं, मग पाय पुढे पडतो. डावीकडे वाकून जॅब चुकवला की शरीराचा भार डाव्या पायावर येतो आणि तिथूनच डावा हूक (बाजूनं वळून येणारा ठोसा) सुटतो. चुकवणं आणि मारणं ही एकच क्रिया असते. दोन-तीन ठोशांनंतर पाऊल बाजूला टाकायचं, म्हणजे समोरच्याला उलट मारायला जागेवर कुणी सापडत नाही, आणि डोकं पुन्हा हलायला लागतं. याचा सराव दोरीला टांगलेल्या छोट्या पिशवीवर चालायचा: तिला झोका द्यायचा आणि ती अंगावर येईल तशी डोकं बाहेरून काढून न्यायचं, तेही गुडघ्यांतून वाकून. ठोशांना आकडे दिलेले असायचे. प्रशिक्षक आकडे ओरडणार आणि तो त्याच क्रमानं मारणार.

ही शैली फार महागडी आहे. प्रत्येक फेरीत तीन मिनिटं गुडघे आणि कंबर राबत राहते, आणि सरावात जरा ढील पडली की सगळ्यांत आधी डोकं थांबतं. हातांचा वेग बराच काळ टिकतो, ठोशाची ताकद तर सगळ्यांत शेवटी जाते. म्हणूनच नॉकआउट बघून भर ओळखणारे चुकतात.

डी'अमाटो नोव्हेंबर 1985 मध्ये वारले. मॅनेजर जिम जेकब्स मार्च 1988 मध्ये गेले. प्रशिक्षक केव्हिन रूनी स्पिंक्सच्या लढतीनंतर बाहेर पडला, आणि सूत्रं लढतींचा आयोजक डॉन किंगकडे गेली. सरावात रोज चूक दाखवणारा शेवटचा माणूस रूनी होता.

परिणाम पाहायचा असेल तर 25 फेब्रुवारी 1989 ची फ्रँक ब्रुनोविरुद्धची लढत आवाज बंद करून पाहा. समालोचकांचा उत्साह डोळ्यांना फसवतो. तीन गोष्टी मोजा: आत शिरण्याआधी डोकं किती वेळा हललं, एका दमात किती ठोसे सलग आले, आणि मारून झाल्यावर पाऊल बाजूला पडलं का. ब्रुनो सुरुवातीलाच खाली गेला, पण नंतर टायसन सरळ रेषेत चालत गेला, एकेक मोठा ठोसा फेकत राहिला आणि मारून झाल्यावर तिथेच उभा राहिला. पहिल्या फेरीच्या अखेरीस ब्रुनोच्या डाव्या हूकनं तो हलला, ते त्यामुळेच. पाचव्या फेरीत लढत थांबली आणि सगळे निकालाबद्दलच बोलत राहिले.

जुलै 1989 ची कार्ल विल्यम्सविरुद्धची लढत मात्र माझ्या मताला अडचणीची आहे. 93 सेकंदांत संपली आणि शेवटचा डावा हूक जॅब चुकवून आला होता, अगदी जुन्या पद्धतीनं. पण दीड मिनिटात जी गोष्ट एकदा दिसते ती पाचव्या-सहाव्या फेरीत टिकली असती का, हे त्यातून कळत नाही.

ते टोकियोत कळलं, 11 फेब्रुवारी 1990 ला. डग्लसचा पल्ला 83 इंच, म्हणजे टायसनपेक्षा पूर्ण एक फूट जास्त. तो जॅबमागे जॅब मारत होता, पाठोपाठ उजवा हात येत होता, आणि टायसन जवळ आला की त्याला कवटाळत होता. डग्लसचं श्रेय कमी करायचं काहीच कारण नाही. त्या रात्री तो फार उत्तम लढला. आठव्या फेरीत टायसनच्या उजव्या अपरकटनं तो खाली गेला, म्हणजे ताकद शाबूत होती. पण टायसनचा डावा डोळा सुजून बंद होत आला तेव्हा त्याच्या कॉर्नरमध्ये (रिंगच्या कोपऱ्यातल्या त्याच्या मदतनिसांकडे) सूज दाबायचं थंड लोखंडी साधनसुद्धा नव्हतं; रबराच्या पिशवीत थंड पाणी भरून ती डोळ्यावर धरली होती. कोणत्याही पातळीवरच्या कॉर्नरमनच्या पेटीत ती वस्तू असतेच. जगज्जेत्याच्या कॉर्नरमध्ये ती नसावी, यावरून त्याच्या आसपास काय चाललं होतं ते कळतं. दहाव्या फेरीत तो नॉकआउट झाला.

कुणी भराची अखेर विल्यम्सच्या लढतीपर्यंत ओढली तर मी वाद घालीन, पण ऐकून घेईन. 1992 च्या तुरुंगवासाची तारीख मात्र मला अजिबात पटत नाही. रेझर रडकविरुद्धची जून 1991 ची दुसरी लढत पाहा: बारा फेऱ्या, गुणांवर विजय, प्रचंड धैर्य. आणि जवळजवळ सगळा मारा एकेका ठोशाचा.