आमची वाटचाल : पिवळ्या वायरीचा जोड

१९९१ साली कोल्हापूरच्या शाहूपुरीत पाच बाय आठच्या गाळ्यात आम्ही गाडीतले टेप-स्पीकर बसवायचं आणि दुरुस्त करायचं दुकान सुरू केलं. आम्ही म्हणजे मी आणि बापू. बापू वयानं मोठे, रेडिओ दुरुस्तीत मुरलेले. भांडवल काय, तर पंचवीस वॅटची सोल्डरॉन (डाग द्यायची सोल्डरिंग आयर्न), मोटवानेचा काट्याचा मल्टीमीटर (व्होल्ट, अँपिअर मोजायचा मीटर), स्पिरिटची बाटली आणि टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प म्हणजे बारा व्होल्टचा बल्ब आणि त्याला दोन वायरी. आजची पोरं त्याला हसतात. पण कुजलेल्या वायरीवर लोड नसेल, म्हणजे तिच्यावर काही चालत नसेल, तर मीटर खुशाल बारा व्होल्ट दाखवतो. बल्ब लावा, पेटत नाही. मीटर फसतो, बल्ब फसत नाही, हे बापूंचं पहिल्या दिवशीचं वाक्य.

तेव्हा सगळी कॅसेटची कामं. गाणं ओढतंय म्हणजे बेल्ट सैल. कॅसेट खाते म्हणजे पिंच रोलर, टेप पुढं ओढणारं रबरी चाक, चिकट झाला, टेप त्याला गुंडाळतेय. आवाज गोधडीतून आल्यासारखा येतोय म्हणजे हेडवर, टेपवरचं गाणं वाचणाऱ्या भागावर, तपकिरी थर बसलाय. स्पिरिटच्या कापसानं हेड पुसूनही आवाज मोकळा झाला नाही, तर बापू गाणं चालू ठेवून हेडचा बारका स्क्रू फिरवत. पाव आटा इकडे, केसभर तिकडे. झांजा मोकळ्या वाजल्या की हात थांबायचा. मी नेमका त्याच्या पुढं जायचो. मग एक टपली.

आमचं पहिलं कायमचं गिऱ्हाईक म्हणजे गगनबावडा रोडला वडाप, म्हणजे जीपनं प्रवासी वाहतूक, करणारे आप्पा. त्यांच्या जीपमध्ये हेडलाइट लावला की गाणं बारीक व्हायचं, हॉर्न मारला की सेट बंदच. तीन ठिकाणी दाखवून आले होते. एकानं सेट बदलला, एकानं स्पीकर. बापूंनी सेटला हातच लावला नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं सेटच्या बॉडीला धरलं आणि म्हणाले, "आप्पा, लाइट लावा." काटा पावणेदोन व्होल्टवर गेला. तिथं तो जेमतेम हलायला हवा होता. सेटची आणि लाइटची अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारा जोड, एकाच गंजक्या स्क्रूवर होती. पॉलिश पेपरनं रंग खरवडून सेटला वेगळा बोल्ट दिला. वीस रुपये घेतले. आप्पा म्हणाले, "एवढंच व्हय? मग आधीच्यांनी माझा बैल का बदलला, खिळा बदलायचा सोडून?" त्या दिवसापासून आजपर्यंत आप्पांनी दुसरीकडं गाडी लावलेली नाही. त्या रोडची निम्मी वडापं त्यांनीच आमच्याकडं धाडली.

बापू २००३ साली नजर अधू झाली म्हणून गावी गेले. हिशेब चोख केला, मीटर मात्र मला दिला. पुढची चौदा वर्षं बरी गेली. सीडी आली, गेली. पेन ड्राइव्ह आला. गाळा मोठा केला, हाताखाली तीन पोरं ठेवली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते २०१७ चं. त्या तिघांतला एक सहा वर्षं आमच्याकडं होता. डावखुरा, हात चपळ, बोलायला गोड. माझा एकच आग्रह असायचा : वायर पिळून नुसती टेप मारायची नाही, सोल्डर मारायचं आणि वर स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची नळी, घालायची. टेपचा डिंक उन्हाळ्यात पाघळतो. तो मान डोलवायचा आणि मी वळलो की टेप मारायचा. मार्चमध्ये त्यानं नोकरी सोडली आणि मेमध्ये बरोबर आमच्या समोर, रस्त्यापलीकडं स्वतःचं दुकान थाटलं. मोठा बोर्ड, आत एसी, भिंतभर अँड्रॉइड सेट. मी नारळ घेऊन गेलो होतो. हेही लिहून ठेवतो.

जुलैत एक साहेब आले. जानेवारीत त्यांच्या गाडीत आम्ही सेट आणि सीटखाली फोर चॅनल अँप्लिफायर (चार स्पीकरचा आवाज वाढवणारा डबा) बसवला होता. तक्रार अशी की दर सोमवारी बॅटरी मेलेली. सर्व्हिसवाल्यानं सांगितलं होतं, बाहेरचं फिटिंग आहे. मी म्हणालो, "गाडी दिवसभर ठेवा, शोधून देतो." त्यांना वेळ नव्हता. ते रस्ता ओलांडून गेले. समोरच्यानं बॉनेटसुद्धा न उघडता निदान केलं : "त्यांचा सेट बॅटरी खातो." नवा अँड्रॉइड सेट विकला, वर नवी बॅटरी. पुढच्या सोमवारी गाडी पुन्हा ढकलावी लागली. तेव्हा म्हणे, जुन्या दुकानानं वायरिंगच जाळलंय, आता काही सांगता येत नाही. साहेबांनी आमच्या बिलाचा फोटो गाडीवाल्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, यांच्यापासून सावध.

चार महिने. दिवसाला सात-आठ गाड्या लागायच्या, तिथं आठवड्याला तीन. उरलेली दोन पोरं एकेक करून गेली. भिशी वेळेआधी उचलली, गाळ्याचं भाडं थकलं. समोर मात्र गाड्यांची रांग, आणि संध्याकाळी डेमोचा वूफर असा घुमायचा की आमच्या काचेच्या शोकेसमधले फ्यूज थरथरायचे. मला ते रोज ऐकावं लागायचं.

साहेबांना परत आणलं आप्पांनी. कुठल्याशा लग्नात भेट झाली, तिथं आप्पा त्यांच्याशी भांडलेच म्हणे. रविवारी गाडी आली.

ज्यांच्या गाडीत हा रोग आहे त्यांनी पुढचं नीट वाचा. बॉनेट उघडं ठेवलं, दारं लॉक केली. बॅटरीचा निगेटिव्ह काढून मध्ये मीटर लावला, दहा अँपिअरच्या रेंजवर. लगेच आकडा वाचायचा नाही. आजच्या गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वीस-तीस मिनिटं घेतात. मीटर लावून स्टार्टर तर मारायचाच नाही, मीटरचा फ्यूज उडतो. चहा पिऊन आलो. वीस ते पन्नास मिलीअँपिअर असेल तर गाडी निरोगी. इथं ०.६२ अँपिअर, म्हणजे सहाशे वीस मिली. बॅटरी पस्तीस अँपिअर-अवरची. शुक्रवारी संध्याकाळी उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी काढायची म्हणजे साठ तास. गुणाकार करा, सदतीस येतात. बॅटरीत तेवढं नव्हतंच. "साहेब, आधी शनिवार-रविवार गाडी फिरायची का?" ते म्हणाले, हो, जूनपासून घर पुण्याला हलवलं, आता सुट्टीला रेल्वेनं जातो. म्हणजे गळती जानेवारीपासून होती. रोजचं फिरणं ती भरून काढत होतं.

एकेक फ्यूज उपसला. सुरुवातीच्यांनी आकडा हलला नाही. अँप्लिफायरचा काढला आणि मीटर ०.०२ वर आला. सीटखाली हात घातला तर चावी खिशात असताना अँप्लिफायर कोमट. बंद गाडीत तो जागा होता. अँप्लिफायरला जागं करणारी निळी-पांढरी वायर सेटमधून यायला हवी. सेट बंद झाला की ती मरते, अँप्लिफायर झोपतो. सेट बाहेर ओढला. नवा सेट आमच्याच कपलरवर (वायरींच्या प्लगवर) लावलेला होता, मागच्या वायरींना कोणी हात लावला नव्हता. निळी-पांढरी आखूड पडली म्हणून ती जवळच्या पिवळीला पिळली होती. पिवळी म्हणजे कायमचे बारा व्होल्ट, चावी असो-नसो. लालला, चावीनं चालू होणाऱ्या वायरीला, पिळली असती तरी चावीबरोबर बंद झाली असती. वर काळी टेप, डिंक पाघळलेला. टेप सोडवली. आतला पीळ उलटा होता, डावखुऱ्याचा.

जानेवारीत ती गाडी त्यानंच केली होती. आमच्या दुकानात, आमच्या पगारावर. बिलावर सही माझी. मी आवाज ऐकला, बॅलन्स फिरवून बघितला आणि चावी दिली. मागं हात घातला नाही. त्यामुळं साहेबांचा राग अगदीच फुकटचा होता असं मला म्हणता येत नाही. पण समोरच्यानं सेट बदलताना तो जोड पाहिला नसेल, हे मी मानणार नाही.

वायर लांबवली, सोल्डर मारलं, स्लीव्ह घातली. पैसे घेतले नाहीत. साहेब दोनदा थँक यू म्हणाले. ग्रुपवर मात्र त्यांनी एक ओळ टाकली नाही. मी वाट बघितली. सावकाश गिऱ्हाईक फिरलं, जवळजवळ दोन वर्षं लागली, आणि मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. लोकांना वाटतं आम्ही पुरात बसलो. पुराला तोंड होतं, तो सगळ्यांच्याच दुकानात शिरला. चिखल धुतला आणि उघडलं.

आता थोडं न विचारता. खोक्यावर ५० × ४ वॅट लिहिलेलं असतं, सेटमधल्या बारा व्होल्टच्या ब्रिज आयसीतून (आवाज वाढवणाऱ्या चिपमधून) चार ओहमच्या स्पीकरला खरे अठरा-वीसच निघतात. स्पीकरची मायनस वायर बॉडीला लावू नका, तिच्यावरही सहा व्होल्ट असतात, आयसी जातो. दार उघडलं की स्पीकर जात असेल तर बिजागरीजवळच्या रबरात वायर तुटलेली असते, स्पीकर घेऊ नका. बास गायब असेल तर पेन्सिल सेल लावून बघा, दोन्ही स्पीकरचे कोन (मधले पडदे) एकाच दिशेला उडतात का. एक्सलेटरबरोबर चढणारी शिट्टी ही बहुतेक वेळा अर्थिंगची तक्रार असते, फिल्टर विकणाऱ्याचं ऐकू नका. आणि अँप्लिफायरचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. सीटखाली लावलेला फ्यूज अँप्लिफायर वाचवेल, गाडी नाही.

तो जोड मी कापून गल्ल्यात ठेवलाय, टेपसकट. आप्पा आले की काढून बघतात. वडाप आता त्यांचा मुलगा चालवतो, आप्पा नुसते चहाला येतात.

गेल्या महिन्यात समोरचं एक पोरगं रस्ता ओलांडून आलं. "मालकांनी विचारलंय, एका गाडीची बॅटरी उतरतीया, तुमचा मीटर मिळंल का?" डिजिटल दिला. मोटवानेचा मागितला होता, तो नाही दिला. डिजिटल अजून परत आलेला नाही.