पंप बंदूक घ्यायची ठरलीय, पण बदकांसाठी नाही

आण्णांची दुनळी बंदूक माझ्या नावावर होऊन आता तीन वर्षं होतील. लायसनदाराला सत्तर वर्षं झाली की तो आपलं हत्यार वारसाच्या नावानं करून देऊ शकतो, २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे, आणि आमच्याकडं वारस म्हणजे मीच, कारण भाऊ पुण्यात आणि त्याला बंदुकीत काडीचा रस नाही. वडूजच्या अलीकडं आमचा मळा, मळ्यातच घर, गाव दीड किलोमीटरवर आणि शेजार म्हणाल तर चुलत्यांची वस्ती, ती पण ओढ्यापलीकडं. घरात मी, आण्णा आणि सातवीतली पोरगी.

गेल्या थंडीत एका रात्री अडीचच्या सुमाराला कुत्रं जिवाच्या आकांतानं भुंकायला लागलं. विहिरीकडं बॅटरीचा उजेड हलत होता, मोटरीची केबल कापायला आले होते हे नंतर कळलं. मी कपाट उघडलं, बंदूक काढली, दोन काडतुसं घातली आणि मधल्या खोलीतनं सोप्यात यायला निघाले तर नळी आधी चौकटीला धडकली, मग आण्णांच्या कॉटच्या दांडीत अडकली, आणि अंधारात ती सोडवताना एकदम ध्यानात आलं की भरलेल्या बंदुकीचं तोंड झोपलेल्या आण्णांच्या अंगावरनं फिरतंय. तिथंच थांबले. काडतुसं काढून हातात घेतली, दाराचा अडसर बघितला, ११२ ला फोन लावला, चुलत्यांना उठवलं आणि घरातले बाहेरचे सगळे दिवे लावले. माणसं पळाली. केबल अर्धी कापलेली सापडली, नुकसान काही हजारांचं, पण मला सकाळपर्यंत झोप नाही ती केबलीपायी नव्हे.

दुनळीची नळी तीस इंच आहे, मागच्या दस्त्यासकट ती जवळजवळ चार फूट भरते. ती आमच्या आज्ज्यानं घेतली तेव्हा घरासाठी घेतलेलीच नव्हती, ती तळ्यासाठी घेतली होती. आण्णा सांगतात की १९७२ चा वन्यजीव कायदा यायच्या आधी थंडीत आज्जा आणि ते पहाटे अंधारातच तळ्याच्या काठाला कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून त्याच्या आड बसायचे, आणि उजाडता उजाडता हळदी-कुंकू बदकं उतरायला लागली की आज्जा उठून उभा राहायचा. हळदी-कुंकू म्हणजे चोचीच्या टोकाला पिवळा आणि बुडाला लाल ठिपका असलेलं आपलं बारमाही बदक, नाव किती सुंदर आहे बघा. उडत्या पाखराच्या पुढं नळी फिरवत न्यायची असती, तिथं लांब नळी चांगली, ती एकसारखी फिरते आणि नजरेला लांब सरळ रेघ मिळते. लांब नळीनं छर्रा फार लांब जातो असं गावात सगळे म्हणतात, ते आताच्या दारूला फारसं लागू नाही, फरक पडतो तो फिरवण्याचाच. शिवाय आमच्या दुनळीच्या डाव्या नळीचं तोंड जास्त आवळलेलं आहे, त्याला चोक म्हणतात, छर्रे लांबवर एकत्र राहावेत म्हणून. म्हणजे ती बंदूक डोक्यापासून पायापर्यंत तळ्याची, आणि आम्ही ती घरात राखणीला ठेवलेली.

मग पंप अ‍ॅक्शनचा, म्हणजे पुढची मूठ मागं-पुढं ओढून काडतूस भरायच्या बंदुकीचा विषय निघाला. माझा मामेभाऊ बरीच वर्षं अमेरिकेत आहे, मिनेसोटात, तिकडचा नागरिक झालाय आणि दरवर्षी मित्रांबरोबर बदकांच्या शिकारीला जातो. तो म्हणाला, "ताई, एकच पंप घे, दोन नळ्या घे, झालं काम." तिकडं रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५०० यातली एखादी पंप असली की अठ्ठावीस इंची नळी तळ्यावर न्यायची आणि घरी आल्यावर ती काढून अठरा-वीस इंची लावायची, दोन मिनिटांचं काम, आणि दोन्ही नळ्या एकाच खोक्यात मिळतात सुद्धा. ८७० ही १९५० पासून बनतीय आणि तिकडं एक कोटीच्या वर खपलीय. बदकांसाठी तिकडं नियम पण कडक, काडतुसांच्या नळकांड्यात लाकडाचा नाहीतर प्लास्टिकचा ठोकळा घालून बंदूक तीनच काडतुसांची करावी लागते, हा नियम १९३५ पासूनचा आहे, आणि सोळा वर्षांच्या वर असाल तर दरवर्षी डक स्टॅम्प नावाचं सरकारी तिकीट विकत घ्यावं लागतं. शिशाचा छर्रा १९९१ पासून पाणपक्ष्यांवर बंद आहे. कारण ऐकून मला गलबललं. बदकं दाणे भरडायला बारीक खडे गिळतात, तसे ती तळ्यातल्या गाळात पडलेले छर्रे गिळतात आणि शिशाच्या विषानं हळूहळू मरतात. म्हणून पोलादी छर्रा वापरायचा, तो हलका म्हणून दोन नंबर मोठा घ्यायचा आणि चोक फार आवळलेला ठेवायचा नाही.

हे सगळं त्यानं मनापासून सांगितलं आणि त्याच्या जागी ते बरोबरच आहे. पण आपल्याकडं त्यातला अर्धा भाग उरलेलाच नाही. १९७२ च्या कायद्यात सुरवातीला परवाना घेऊन काही शिकार करता यायची, १९९१ च्या दुरुस्तीनं ती वाट पण बंद झाली. आज येरळवाडीच्या नाहीतर मायणीच्या पाण्यावर बंदूक घेऊन नुसतं गेलात तरी उत्तर द्यावं लागेल, आणि द्यावंच लागलं पाहिजे असं माझं मत आहे. मायणीला २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीवचा दर्जा मिळाला. थंडीत तिथं चक्रवाक येतात, थापट्या येतात, तलवार बदकं येतात, हजारो किलोमीटर उडून ही पाखरं आपल्या या दुष्काळी तालुक्यातल्या चार तळ्यांवर विसावतात, त्यांच्यावर नळी रोखायची इच्छा मला कधीच झाली नाही. आण्णांना पण आता होत नाही, ते म्हणतात तेव्हा बदकं मोजता येत नव्हती एवढी यायची, आता मोजता येत्यात.

तर अठ्ठावीस इंची नळीचा प्रश्न मिटला. राहिलं घर, आणि घरासाठी किती आखूड घ्यावी हे कायद्यानंच ठरवलंय. १९५९ च्या शस्त्र कायद्यात संरक्षणासाठी स्मूथ बोअर, आतनं गुळगुळीत नळीची, बंदूक म्हणजे नळी वीस इंचांपेक्षा कमी नको, म्हणून अमेरिकन व्हिडिओ बघून अठरा इंच मागायला जाऊ नका, आणि नळी कापून आखूड करायचा विचार तर स्वप्नात पण नको, तो सरळ गुन्हा आहे. एक गोष्ट मात्र दुकानात हातात घेतल्यावरच कळली, पंपाची मधली पेटी, जिच्यात काडतूस सरकतं ती, दुनळीपेक्षा लांब असते, त्यामुळं नळी दहा इंच कमी झाली तरी अख्खी बंदूक सहा-सात इंचच आखूड होते. मी टेप घेऊन गेले होते, म्हणून बरं.

दुकान कोल्हापूरचं, मालक वयस्कर आणि समजूतदार माणूस. ऐंशीच्या दशकापासून आपल्या-तुपल्यासारख्याला बाहेरनं बंदूक आयात करता येत नाही, त्यामुळं विदेशी म्हणून जे बाजारात फिरतं ते जुनं, चार हातांतनं आलेलं, भाव मात्र चढा. सरकारी म्हणाल तर त्रिचीच्या कारखान्याची बारा बोअर (हे नळीच्या जाडीचं माप) पंप मिळते. मालकांनी एक पंप रिकामी करून, मला आत बोट घालून बघायला लावून, मगच हातात दिली. नळीच्या खाली दुसरी नळी असती, त्यात काडतुसं एकामागं एक बसतात. डाव्या हातातली मूठ मागं ओढली की रिकामं टरफल बाहेर पडतं आणि खालच्या नळीतनं नवीन काडतूस सुटतं, पुढं ढकलली की ते वर येऊन नळीत बसतं. घोडा ताणलेला असला की मूठ हलतच नाही, चापाजवळचं एक बारकं बटण दाबावं लागतं, हे माहीत नसलं तर रात्री माणूस नुसता ओढत बसेल. मी डमी काडतुसं घालून दहा वेळा ओढली. पहिल्या तीन नीट झाल्या. चौथ्यांदा मी मूठ शेवटपर्यंत न ओढताच पुढं ढकलली आणि काडतूस आडवं अडकून बसलं. मालक म्हणाले, "ताई, पंप कच्च्या हाताला माफ करत नाही, ओढायची तर पूर्ण ओढायची." दुनळीला हे दुखणं नाही, तिच्यात दोनच काडतुसं पण ती दोन हमखास. म्हणून पंप घेणाऱ्याला माझं एवढंच सांगणं, दोन काडतुसं जास्त मिळतात म्हणून घेऊ नका, रोज नाही तर निदान आठवड्याला डमी घालून ओढायची तयारी असली तरच घ्या.

दुसरी गोष्ट दस्त्याची. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं बूड कोपराच्या खोबणीत टेकवायचं आणि बोट चापावर सहज पोचतंय का बघायचं. आण्णांच्या दुनळीचा दस्ता त्यांच्या मापाचा, सहा फुटी माणसाचा, मी पाच फूट एक इंच. तीन वर्षं मी ती मान ताणून धरत आले आणि प्रत्येक सरावानंतर खांद्याखाली निळं पडायचं, मला वाटायचं बारा बोअर म्हटल्यावर असंच असणार. दस्ता मापाचा असला आणि बूड खांद्याच्या खळग्यात घट्ट दाबलेलं असलं की धक्का सोसतो. दुकानातल्या पंपाचा दस्ता पण मला लांबच होता, मालक म्हणाले की मागचं रबर बदलून आणि लाकूड अर्धा-पाऊण इंच उतरवून मिळेल. हे काम लायसनवाल्या कारागिराकडनंच करून घ्यायचं, गावातल्या सुताराकडं बंदूक टाकून यायची नाही.

काडतुसं खडकीच्या कारखान्याची शक्तिमान, हे सगळ्यांना माहीत आहे. लोक डोळे झाकून एलजी मागतात. एलजीत मोजकेच पण मोठे छर्रे असतात आणि ते दार, पत्रा सहज पार करतात. आमच्या घरात मधल्या खोलीत आणि पोरीच्या खोलीत पत्र्याचं पार्टिशन आहे. मी घरात एलजी ठेवणार नाही, बारीक छर्राच ठेवणार, त्याच्यानं सुद्धा खोलीतल्या अंतरावर जीव जाऊ शकतो. आणि बंदूक नुसती त्या दिशेला धरली की छर्रे पसरून लागतात हा पण गैरसमज आहे, दहा-बारा फुटांवर सगळे छर्रे तळहाताएवढ्या जागेतच जातात, नेम धरावाच लागतो.

त्या रात्री माणसं विहिरीवर होती, घरात नाही, आणि पळत होती. पळणाऱ्या केबलचोरावर गोळी झाडायचा हक्क मला कुठल्याच कायद्यानं दिलेला नाही. भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाची आहेत, रात्री घर फोडून आत शिरणारा आणि शिवारात केबल कापणारा यांत कायदा फरक करतो, गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा देत नाही, आणि पोलिसांना बोलवायला वेळ असेल तर आधी तेच करायचं. बंदूक घ्यायच्या आधी ही अकरा कलमं मराठीत बसून वाचा, मी आण्णांना मोठ्यानं वाचून दाखवली, ते दोनदा "परत वाच" म्हणाले.

लायसनवर आता जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात, २०१९ च्या दुरुस्तीआधी तीन चालायची. म्हणजे दुनळी आणि पंप, माझा कोटा संपला. आण्णांनी आपणहून विचारलं की दुनळी विकून टाकूया का. मी नाही म्हणाले. ती आता मोठ्या कपाटात, साखळी घालून, रिकामी राहील. पंपासाठी भिंतीत बोल्ट मारून लोखंडी पेटी करून घेतलीय, काडतुसं वेगळ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या माझ्याजवळ, पोरीला त्या कुठं असतात ते माहीत नाही. पण बंदूक कुठंही दिसली तर हात लावायचा नाही आणि आईला हाक मारायची हे तिला पाठ आहे.

फाईल कलेक्टर ऑफिसला गेलीय. दुसऱ्या हत्याराची नोंद लायसनवर व्हायची आहे, गावात पोलीस चौकशीला येऊन गेले, पेटी बघितली, शेजारी म्हणून चुलत्यांचा जबाब घेतला. त्यात निवडणूक लागली तर दुनळी पोलीस स्टेशनला जमा करून पावती घ्यावी लागू शकते आणि मग कामाला आणखी वेळ लागेल. तोवर मालकांनी दिलेली चार डमी काडतुसं टेबलावर आहेत. रविवारी परत कोल्हापूरला जायचंय, दस्ता किती उतरवायचा त्याचं माप द्यायला, या खेपेला स्वेटर घालून, कारण रात्री थंडीत अंगावर तोच असणार.