रकाना नऊ : इतर

माझा एक फॉर्म लाल शाईच्या गोलासह परत आलाय. गोलाखाली लिहिलंय, ‘खुलासा द्यावा.’ चार दिवस झाले, रोज लिहायला बसते आणि तशीच उठते.

मी आहार सर्वेक्षणाचं काम करते. सध्या गोवंडीतल्या वस्त्यांमध्ये घरोघरी जाऊन काल सकाळपासून रात्री झोपेपर्यंत कुणी काय खाल्लं, किती खाल्लं आणि ते कुठून आलं, हे लिहून आणायचं. ‘कुठून आलं’साठी नऊ रकाने आहेत : रेशन, किराणा, भाजीवाला, हॉटेल, शाळा, अंगणवाडी असं करत करत शेवटचा नववा, ‘इतर’. नळाला पाणी आलेलं असताना कुणाच्या दारात जायचं नाही आणि ‘काल काय जेवलात?’ असं कधीच विचारायचं नाही, एवढं या कामात लवकर कळतं. तसं विचारलं की प्रत्येक घरातून ‘वरण, भात, भाजी, पोळी’ हेच ऐकायला मिळतं. कारण पाहुण्याला सांगायचं जेवण ते. ‘उठल्यावर पहिल्यांदा तोंडात काय टाकलं?’ इथून सुरुवात केली की दिवस हळूहळू उलगडतो.

मोजण्याच्या बाबतीत मी हट्टी आहे. इथे तेल ग्रॅममध्ये कुणी सांगत नाही. ‘दहाचं तेल’ म्हणतात. म्हणून मी वस्तीतल्या दुकानातून स्वतः दहाचं तेल घेतलं, गाठ मारलेली ती इवलीशी पिशवी काट्यावर ठेवली आणि रिकाम्या पिशवीचं वजन वजा केलं. 58 ग्रॅम भरलं, म्हणजे किलोला 172 रुपये. त्याच दुकानात लिटरची पिशवी 140 रुपयांना होती. लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, म्हणजे किलोला 154. गरिबाला तेल महाग पडतं ते असं. वर आमच्याच ऑफिसात लोक म्हणतात, ‘यांना महिन्याचा बाजार एकदम भरायची सवय नाही.’ रोजच्या कमाईतून 140 रुपये एकदम कुठून काढायचे? आणि उधारीच्या वहीत दुकानदार दहाचं तेल लिहून घेतो, लिटरची पिशवी लिहून घेत नाही.

तर लाल गोल आलेल्या फॉर्मचं ते घर. तिथल्या ताई चेंबूरला तीन घरी भांडी-पोळ्यांचं काम करतात. घरात चार माणसं, पण रेशनकार्डावर नावं तीनच. माणशी पाच किलोप्रमाणे गहू-तांदूळ मिळून पंधरा किलो मिळतात, 2023 पासून फुकट. धाकट्याचं नाव चढवायला गेल्या की ‘इष्टांक संपलाय’, म्हणजे ठरवून दिलेला लाभार्थ्यांचा आकडा भरलाय, असं ऐकून परत येतात. अन्नसुरक्षा कायद्यात राज्याच्या शहरी लोकसंख्येपैकी 45.34 टक्क्यांनाच धान्य मिळू शकतं आणि तो हिशेब अजून 2011 च्या जनगणनेवर चालतो. धाकटा जन्मलाय त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

मी गेले तेव्हा ताई डाळ निवडत होत्या आणि उंबऱ्यावर शेजारीण बसली होती. चहा-बटर, पोरीची शाळेतली खिचडी, दुपारची चपाती-चटणी, सगळं नीट लिहून झालं. रात्रीचं विचारलं. त्या म्हणाल्या, “वरण-भात.”

आठ वर्षांची पोरगी लगेच म्हणाली, “आई, काल पनीर होतं की! भाभीकडचं!” भाभी म्हणजे ताई कामाला जातात त्यातल्या एका घरची मालकीण.

ताईंचा हात ताटातच थांबला. “इकत आणलं होतं,” त्या म्हणाल्या. इथे मी चूक केली. प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे पुढचा प्रश्न तोंडातून गेलाच, “किती रुपयांचं?” त्यांनी शेजारणीकडे पाहिलं. उत्तर दिलं नाही.

पोरगी मात्र फळीवरून श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन आली आणि त्यावर बोट ठेवून म्हणाली, “इथपर्यंत होतं.” मी तिच्या बोटापर्यंत पाणी भरलं आणि मोजपात्रात ओतलं. 420 मिलिलिटर. इतकं नेमकं माप मोठ्या माणसांकडूनही क्वचित मिळतं, आणि मला त्या क्षणी आनंद झाला, हे मी लपवत नाही.

शेजारीण उठून गेल्यावर ताई हळू आवाजात म्हणाल्या, “ते लिहू नका, मॅडम.”

“नाव येत नाही ताई, फक्त घराचा नंबर असतो.”

“नंबर बी नको.”

मी मान हलवली आणि गल्लीच्या टोकाला जाऊन लिहिलं : पनीर भाजी, 420 मिली, रकाना नऊ.

दहातल्या एका घरी फेरतपासणी होते. नेमकं हेच घर निघालं. तपासायला आमचे वरिष्ठ, सर, गेले. त्यांना ताईंनी वरण-भात सांगितला. पोरगी शाळेत होती. ‘नोंद जुळत नाही,’ लाल गोल.

सर वाईट नाहीत, पण त्यांना नववा रकाना रिकामा हवा असतो. ‘इतर जास्त आलं की अन्वेषकाने नीट विचारलेलं नाही,’ असं ते मीटिंगमध्ये म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. नीट विचारलं की ‘इतर’ भरतो. मालकिणीने डब्यात घालून दिलेलं, बाजार उठल्यावर भाजीवालीने पडत्या भावात नव्हे तर फुकटच पदरात टाकलेलं, गावाहून एसटीने आलेली ज्वारी, दर्ग्यातलं जेवण, बहिणीकडून वाटीभर उसनं तेल. वस्ती रेशन आणि किराण्यावर जगते असं अहवालात दिसेल. महिनाअखेरीला ती कशावर तगते, ते या एका रकान्यात कोंबलेलं आहे, आणि बेरीज करताना तो आधी गाळतात.

म्हणून ती नोंद मला गेलेली नको आहे. त्या दिवशी त्या पोरीच्या पोटात जे चांगलं गेलं, ते शाळेच्या खिचडीतून आणि त्या डब्यातून.

पण संमतीपत्र मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. ‘नको असेल त्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका,’ हे वाक्य माझ्याच तोंडचं. त्यांनी उत्तर दिलंच नव्हतं. मी ते आठ वर्षांच्या मुलीकडून घेतलं.

‘नोंद बरोबर आहे’ असं लिहिलं तर कुणीतरी पुन्हा त्या दारात जाऊन पनीरबद्दल विचारणार, या वेळी कदाचित पोरगी घरात असताना. ‘माझी चूक झाली’ असं लिहिलं तर 420 मिलिलिटरच्या जागी वरण-भात येणार.

काल रात्री तिसरा मसुदा लिहिला : ‘उत्तर देणाऱ्या व्यक्तीने ही माहिती नोंदवण्यास नकार दिला होता. माझ्याकडून तो पाळला गेला नाही. ही नोंद काढावी. त्या घरी पुन्हा कुणी जाऊ नये. नवव्या रकान्याबद्दल मला मीटिंगमध्ये बोलायचं आहे.’

सही अजून केलेली नाही. ‘नोंद काढावी’ हे शब्द मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलेत.