वुल्चीला चालत जाऊ नका

आधीच सांगतो. वुल्ची म्हणजे इटलीत रोमच्या वायव्येला असलेलं एट्रुस्कन लोकांचं प्राचीन शहर; हे रोमनांच्या आधीचे तिथले लोक ग्रीक भांडी विकत घेऊन थडग्यांत ठेवायचे. ती रंगवलेली ग्रीक भांडी बघायला वुल्चीला निघाला असाल तर बेत रद्द करा. पायाच्या फोडांना बर्फ लावत हे लिहितोय, त्यामुळे सूर तिखट लागला तर समजून घ्या.

रोममध्ये जिथे उतरलो होतो तिथल्या मालकाने छातीठोक सांगितलं, "मोंताल्तो दि कास्त्रोला उतरा, वुल्ची तिथेच आहे." तिथेच म्हणजे स्टेशनपासून दहा किलोमीटरहून जास्त! बाहेर बस नव्हती, रिकामी टॅक्सीही नव्हती. जूनमधले सकाळचे साडेअकरा, पाठीवर सॅक, दीड लिटर पाणी. म्हटलं, आपण सह्याद्रीत चालणारी माणसं, सपाट रस्त्याचं काय घेऊन बसलात! तो सपाट रस्ताच नडला. साइडपट्टी नावाला, दोन्हीकडे कापणी झालेली शेतं, सावली कुठेच नाही आणि ट्रक कोपराला घासल्यासारखे जातात. पाणी अर्ध्या वाटेच्या थोडं पुढेच संपलं. परत येताना एका गाडीवाल्याने पन्नास युरो मागितले. घासाघीस करायचं त्राण नव्हतं, मुकाट्याने दिले. रोमहून यायला रेल्वेला लागले त्याच्या कितीतरी पट.

आणि एवढं करून भांडी? किल्ल्यातल्या संग्रहालयात काही आहेत, पण ज्यांच्यासाठी वुल्चीचं नाव पुस्तकांत येतं ती दोनशे वर्षांपूर्वीच गेली. 1828 मध्ये नांगराच्या बैलांखाली एका थडग्याचं छत खचलं आणि मग खणाखणीला ऊत आला. जमिनीचा एक मोठा मालक होता नेपोलियनचा भाऊ, कानिनोचा प्रिन्स ल्यूसियाँ बोनापार्ट. हजारो भांडी निघाली आणि लंडन, म्युनिक, पॅरिस, व्हॅटिकन अशी पांगली. रंगवलेल्यांचा भाव पडू नये म्हणून साधी काळी भांडी मजूर जागेवरच फोडायचे. जॉर्ज डेनिस या इंग्रज प्रवाशाने ते डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलंय. ती काळी खापरं म्हणजे एट्रुस्कन लोकांचं स्वतःचं काम, आणि फोडली नेमकी तीच! फ्रांस्वा या उत्खननकाराने शोधलेल्या थडग्यातली भित्तिचित्रंही 1863 मध्ये कापून रोमला नेली.

म्हणून वुल्चीचं सगळ्यात देखणं भांडं बघायचं तर व्हॅटिकनचं एट्रुस्कन संग्रहालय गाठा. अथेन्सच्या एक्सेकियास या कुंभार-चित्रकाराचा अँफोरा, म्हणजे दोन कानांचा उभा घडा. ट्रॉयच्या युद्धातले ग्रीक वीर अकिलीस आणि एजॅक्स ढालीबिली बाजूला ठेवून सोंगट्या खेळतायत, दोघांचे भाले खांद्यावर. तोंडासमोर पडलेलं दान लिहिलंय : अकिलीसला 'तेसारा', चार, एजॅक्सला 'त्रिया', तीन. आपल्या 'त्रि'चा चुलतभाऊ अथेन्सच्या मातीवर वाचला आणि फोड विसरलो. अंगरख्यांवरची नक्षी टोकदार हत्याराने केसाएवढी कोरलेली आहे. चष्मा विसरू नका. गर्दी मायकेलअँजेलोच्या छताकडे धावते, या दालनात निवांत उभं राहता येतं.

रोममधल्या व्हिला जुलिया या एट्रुस्कन संग्रहालयालाही जाच. तिथे दोन वस्तू शेजारी असल्यासारख्या डोळ्यांत ठेवा. एक एट्रुस्कन बुकेरो, धूर कोंडून भाजलेलं आतबाहेर काळं भांडं, पत्र्याच्या पट्टीसारख्या रुंद कानांचं. दुसरं निकोस्थेनीसच्या अथेन्समधल्या कारखान्यातलं, तसेच चपटे कान, तसाच आकार, पण वर ग्रीक चित्रं. गिऱ्हाईक चेर्वेतेरी या एट्रुस्कन गावचं, म्हणून घडण त्याच्या पसंतीची. 'ग्रीकांनी शिकवलं, इतरांनी घेतलं' हे आपण परीक्षेत लिहितो ना, ते या कानांपाशी डळमळतं. इथे गिऱ्हाइकाने कुंभाराला शिकवलंय.

एकच दिवस असेल तर चेर्वेतेरी, डोळे मिटून. रेल्वेने जाऊ नका, स्टेशन गावापासून लांब आहे (धडा घेतला!). मेट्रोच्या कोर्नेलिया स्थानकावरून बस थेट गावात सोडते; परतीचंही तिकीट आधीच घेऊन ठेवा. गावातल्या संग्रहालयात अथेन्सचा चित्रकार युफ्रोनियोस याचा क्रेटर आहे, वाइनमध्ये पाणी मिसळायचं पंचेचाळीस लिटरचं भांडं. निद्रा आणि मृत्यू हे पंखवाले भाऊ ट्रॉयच्या युद्धात पडलेल्या सार्पेदोनचं प्रेत उचलतायत, जखमांतून रक्त वाहतंय. याच परिसरातून चोरून उकरलेलं ते 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने दहा लाख डॉलरला घेतलं आणि 2008 मध्ये इटलीला परत आलं. या संग्रहालयापासून बांदिताच्चा या एट्रुस्कन दफनभूमीतली थडगी दोनेक किलोमीटर. ही चाल गोड आहे. खालच्या खोल्यांत पाणी साचतं, चांगले बूट आणि टॉर्च हवाच.

तार्क्विनिया या आणखी एका एट्रुस्कन गावचा दिवस छान गेला, सांगण्यासारखं काही घडलं नाही. संग्रहालयात जहाजाच्या दगडी नांगराचा तुकडा मात्र बघा. तार्क्विनियाच्या ग्राविस्का बंदरातला, 'सोस्त्रातोसने मला घडवलं' असं ग्रीकमध्ये कोरलेला. सगळ्यात जास्त नफा कमावलेला व्यापारी म्हणून ग्रीक इतिहासकार हेरोडोटस ज्या सोस्त्रातोसचं नाव घेतो, तो हाच किंवा याच्याच घरातला असावा. हातात एकही रंगीत भांडं नाही, पण ही भांडी जहाजाने इथवर आणणारी माणसं कोण, ते या दगडाइतकं कशानेच कळलं नाही.

बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद, व्हॅटिकन बहुतेक रविवारी. रीजनल गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी मशीनमध्ये छापून घ्या, नाहीतर दंड.

वुल्चीला जायचंच असेल तर भाड्याची मोटार घ्या. फ्योरा नदीवरचा दगडी पूल उंच आणि सुरेख आहे, एवढं मान्य. मी त्याच्या तोंडाशी किल्ल्याच्या सावलीत अर्धा तास बूट काढून आडवा पडलो होतो, आणि त्या सहलीतला तो सगळ्यात चांगला अर्धा तास होता.