तुम्ही विचारलंत म्हणून: कोविडात अमेरिकेत ओव्हरडोस का वाढले?

सुट्टीवर सांगलीला आले की कोणीतरी विचारतंच, "कोविडात तुमच्या अमेरिकेने नशेच्या पेशंटना औषधं घरी नेऊ दिली, वर पैसे वाटले, म्हणून एवढी माणसं गेली ना?"

मी ओहायोत मेथाडोन देणाऱ्या क्लिनिकमध्ये नर्स आहे. आकडे खरे आहेत. ओव्हरडोसने, म्हणजे नशेचा डोस जीवघेणा झाल्याने, २०१९ मध्ये सत्तर हजारांवर माणसं गेली, २०२० मध्ये जवळपास ब्याण्णव हजार, २०२१ मध्ये एक लाख सहा हजारांवर. खापर मात्र भलत्याच्याच माथी फुटतं.

मेथाडोन या औषधामुळे हेरॉइनची आणि फेंटानिल या कृत्रिम नशेच्या पदार्थाची तलफ आटोक्यात राहते. कोविडआधी बहुतेकांना ते जवळजवळ रोज क्लिनिकमध्ये येऊन घ्यावं लागे. बर्फ पडत असला तरी पहाटे खिडकीशी रांग. आमच्यासमोर कप प्यायचा, वर घोटभर पाणी, मग दोन शब्द बोलून दाखवायचे, म्हणजे औषध तोंडात धरलेलं नाही हे कळतं. महिन्याभराचं औषध घरी न्यायला दोन वर्षं उपचारात काढावी लागत. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने सूट दिली. ज्यांचं बस्तान बसलंय त्यांना २८ दिवसांचं, बाकीच्यांना १४ दिवसांपर्यंतचं. मेथाडोनही जास्त झालं तर जीव घेऊ शकतं, त्यामुळे कुलूपबंद पेटीत बाटल्या घेऊन माणसं घरी जाताना माझ्याही पोटात गोळा आला होता.

त्या मार्चमध्ये ज्यांच्या शरीरात मेथाडोन सापडलं असे मृत्यू वाढले खरे, पण पुढे ते चढत गेले नाहीत. ओव्हरडोसच्या एकूण मृत्यूंत त्यांचा वाटा जानेवारी २०१९ मध्ये ४.५ टक्के होता, ऑगस्ट २०२१ मध्ये ३.२ टक्के. घरी दिलेल्या बाटल्यांनी लाखभर माणसं मारली असती, तर हा वाटा वाढायला हवा होता.

मारलं ते फेंटानिलने. हेरॉइनच्या सुमारे पन्नास पट जहाल, आणि नकली गोळ्यांतून कुठेही पोचलेलं. मृत्यू तर २०१९ च्या अखेरीसच वाढायला लागले होते. त्यात लॉकडाऊन आला. नॅलॉक्सोनचा स्प्रे नाकात मारला की थांबत आलेला श्वास परत सुरू होऊ शकतो. पण तो मारायला दुसरं माणूस लागतं, कारण ज्याला गरज असते त्याची शुद्ध केव्हाच हरपलेली असते. "घरीच थांबा, कोणाला भेटू नका" हा सल्ला कोविडसाठी योग्यच होता, पण आमच्या पेशंटच्या खोलीतलं ते दुसरं माणूस त्याने काढून घेतलं. माझ्या मते सगळ्यात महागात पडलं ते हे.

पैशाचं म्हणाल, तर हाती रोकड आल्यावर काहींनी जास्त घेतलं असेल, मी नाही म्हणणार नाही. पण सरसकट वाटलेला शेवटचा चेक मार्च २०२१ चा, आणि २०२२ मधल्या मृत्यूंचा आकडा २०२१ हूनही वर, एक लाख आठ हजारांच्या घरात.

घरी औषध न्यायची सूट फेब्रुवारी २०२४ मधल्या नियमाने कायम झाली. तरी तो नियम क्लिनिकला परवानगी देतो, सक्ती करत नाही. त्यामुळे आजही कितीतरी ठिकाणी नोकरी करणारी, लेकुरवाळी माणसं पहाटेच्या रांगेत उभी असतात. एका क्लिनिकच्या पेशंटला जे मिळतं ते दुसऱ्या क्लिनिकच्या पेशंटला का मिळू नये, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.